सावजी मसाल्याची वेबसाइट: तीस हजारांचा अंदाज आणि लाखाचा हिशेब

हे प्रकरण नागपुरातल्या एका घरगुती मसाला व्यवसायाचं आहे. नाव, वस्ती आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, रकमा थोड्या गोल केल्या आहेत. कोटेशनं आणि खर्चाची वही मला पाहायला मिळाली, म्हणून आकडे मोकळेपणाने दिले आहेत. लहान धंद्याने वेबसाइटसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत, हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मागितलं जातं. इथेही तसंच झालं होतं.

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरात एका जोडप्याचं किराणा दुकान आहे. मागच्या खोलीत कांडप. फेब्रुवारी संपत आला की वर्षभराचं तिखट करायला बायका मिरचीची पोती घेऊन येतात आणि मे उलटेपर्यंत त्या खोलीत कुणाला धड श्वास घेता येत नाही. दुकान आणि कांडप काकाजींचं. काकूंचं काम वेगळं: सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट आणि जवसाची चटणी. मसाल्यात धने, काळी मिरी, दगडफूल, खसखस हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रमाण मात्र ज्याचं त्याच्यापाशी. काकू भाजण्याचं काम अजून दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

वस्तीतली मुलं नोकरीला पुण्या-मुंबईला, हैदराबादला, बंगळुरूला गेली आणि मसाला त्यांच्या मागे गेला. आधी सुटीत येऊन डबा भरून नेत, मग फोन येऊ लागले, मग व्हॉट्सॲप. प्रकरण सुरू झालं तेव्हा महिन्याला साठ-सत्तर पार्सलं जात होती. मसाल्याची वर्षाची विक्री नऊ लाखांच्या आसपास, त्यातली जवळपास निम्मी पार्सलांची.

अडचण

सीझनमध्ये फोन थांबत नाही. हात मसाल्यात, स्क्रीनवर "काकू, पाठवले का?" कुणी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतो आणि पत्ता नाही, कुणी पत्ता टाकतो आणि पिनकोड नाही. मिरचीचा भाव वाढला म्हणून दर बदलले, तरी जुन्या दरपत्रकाचा फोटो ग्रुपांमधून फिरतच राहिला आणि लोक त्याच दराने पैसे पाठवत राहिले. फरकाचे तीस-चाळीस रुपये मागायला काकूंना लाज वाटायची, म्हणून त्यांनी ते सोडून दिले. वर्षभरात त्यातून किती गेलं, याची नोंद वहीत नाही.

दिवाळीत घरी आलेल्या पुतण्याने वेबसाइटचा विषय काढला. तो पुण्यात आयटीत आहे. काकाजींच्या डोक्यात आकडा तयार होता: "पंचवीस-तीस हजारात होऊन जाते न?"

मला इथे पहिला निर्णयबिंदू दिसतो आणि तो जवळजवळ हुकलाच होता. तिघांच्या मनात तीन वेगळ्या वेबसाइटी होत्या. पुतण्याला ब्रँड हवा होता: मोठे फोटो, 'आमची कहाणी', पुढेमागे ॲप. काकाजींना गूगलवर दुकानाचा पत्ता, वेळ आणि नंबर दिसायला हवा होता. काकूंना फोन कमी व्हायला हवे होते, बस. या तीन कामांची किंमत तीन ठिकाणी पडते. काकाजींचं काम तर फुकटातलं आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलला पैसे लागत नाहीत. ते त्याच आठवड्यात करून टाकलं. राहिलं काकूंचं काम: ऑर्डर, पत्ता आणि पैसे एका जागी, चालू दराने, कुणी फोन न उचलता. कोटेशन मागताना हेच एक वाक्य सगळ्यांना सांगायचं, असं ठरलं.

समोर आलेले पर्याय

पहिलं कोटेशन ओळखीतल्या एका मुलाचं, ९,९९९ रुपयांचं, "सगळं धरून". नीट विचारल्यावर कळलं की सगळं म्हणजे पाच पानं, फोटो आणि व्हॉट्सॲपचं बटण. पैसे घेण्याची सोय नाही. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल ६,५०० रुपये. आणि डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर राहणार, "तुम्हाला कशाला ते टेन्शन." मुलगा प्रामाणिक होता, यात शंका नाही. पण डोमेन म्हणजे दुकानाची पाटी आणि ती ज्याच्या नावावर, दुकान त्याच्या मर्जीवर. उद्या तो नोकरीला लागला, नंबर बदलला, तर काकूंना स्वतःचंच नाव परत मिळवायला धावपळ करावी लागली असती.

दुसरं, धरमपेठेत घरून काम करणाऱ्या एका मुलीचं. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स या तयार सॉफ्टवेअरवर दुकान, ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवे, वजनानुसार कुरिअरचे दर, दोन वेळा बसून शिकवणं: ४५,००० रुपये. तिची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली, त्यामुळे वर कर नाही. पहिले तीन महिने दुरुस्ती फुकट, नंतर हवी असेल तर महिन्याला १,००० रुपये. डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) काकूंच्या ईमेलवर, काकूंच्या कार्डावरून.

तिसरं, वर्धा रोडवरच्या एका एजन्सीचं: १,६०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. त्यात फोटोग्राफी, मराठी आणि इंग्रजी मजकूर, सहा महिने एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम. दुसऱ्या वर्षापासून देखभाल वर्षाला २४,००० अधिक जीएसटी. काम चांगलं होतं, त्यांनी दाखवलेले नमुने खरोखर देखणे होते.

चौथा पर्याय पुतण्याने आणला: महिन्याच्या भाड्यावर तयार दुकान देणारा प्लॅटफॉर्म. भाडं दीड हजाराच्या घरात अधिक जीएसटी, एकदाच मांडणीचे पंधरा हजार. सोपा पर्याय, आणि तांत्रिक कटकट सांभाळायला कुणी नसेल तर मी याला नाक मुरडणार नाही. मात्र असे काही प्लॅटफॉर्म बाहेरचा पेमेंट गेटवे जोडला की प्रत्येक विक्रीवर आपला वेगळा टक्का घेतात. तो कोटेशनच्या कागदावर कधीच नसतो, दरांच्या पानावर तळाशी असतो.

पाचवा पर्यायही होता: वेबसाइट न करता व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग नीट भरणं. खर्च शून्य. महिन्याला वीसेक पार्सलं असती तर मी हाच सुचवला असता.

यानंतर केलेली एकच गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटते. प्रत्येक कोटेशन तीन वर्षांवर पसरवून पाहिलं. ९,९९९ चे झाले साधारण २३,०००, आणि तरीही ऑर्डर व्हॉट्सॲपवरच येणार. भाड्याचा प्लॅटफॉर्म ७८,७०० च्या आसपास, गेटवेचा जादा टक्का सोडून. मुलीचं काम होस्टिंग, डोमेन आणि देखभाल धरून ९१,००० च्या आसपास. एजन्सी अडीच लाखांच्या जवळ. होस्टिंगबद्दल इथे एक सांगायला हवं: जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो, नूतनीकरणाला तो बऱ्याचदा दुपटीच्या वर जातो. एकदम तीन वर्षांचं घेतलं की तोच कमी दर तीन वर्षं मिळतो. साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे कुणी मागितले, तर लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं हे सांगून मोकळं व्हावं.

कोटेशनमध्ये नसलेला प्रश्न

मुलीने कामाची माहिती घेताना सहज विचारलं, "काकू, कोणकोणत्या राज्यांत पाठवायचं?" कुरिअरचे दर भरायला तिला ते हवं होतं. काकूंनी हैदराबाद, बंगळुरू, रायपूर सांगितलं. जीएसटीचं काम पाहणारे गृहस्थ नेमके दुकानात बसले होते. त्यांनी मान वर केली.

दुकानाची जीएसटी नोंदणी काकाजींच्या नावावर आणि लहान धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत. कंपोझिशनमध्ये कर कमी आणि कागदपत्रं कमी, पण राज्याबाहेर माल विकता येत नाही. इतकी वर्षं दोन-चार पार्सलं परराज्यात जात होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वेबसाइट झाली असती तर तीच गोष्ट दर महिन्याला बिलासकट नोंदली गेली असती.

दुसरी गाठ त्यातच होती. अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी काकूंच्या नावावर, कारण मसाला घरातून सुरू झाला तेव्हा त्यांनीच केली होती. पेमेंट गेटवे सुरू करताना पॅन, चालू खातं, जीएसटी आणि अन्न परवाना एकाच नावाचा लागतो. इथे दोन नावं. अर्ज अडकला असता, हे नक्की.

पर्याय तीन होते. साइट फक्त महाराष्ट्रापुरती ठेवायची. किंवा काकाजींची सगळी नोंदणी कंपोझिशनमधून बाहेर काढायची, म्हणजे किराण्याच्या प्रत्येक बिलाचा हिशेब बदलणार. किंवा मसाला हा काकूंचा स्वतंत्र धंदा करून त्यांच्या पॅनवर नवी, नियमित जीएसटी नोंदणी घ्यायची. काकाजी पहिल्याकडे झुकले होते. काकूंनी एकच विचारलं, "मसाला माह्या हातचा, अन् नाव तुमचं काऊन?" तिसरा पर्याय ठरला. नवी नोंदणी, चालू खातं, लहान उद्योगांची फुकटात होणारी सरकारी उद्यम नोंदणी. दोन्ही धंद्यांच्या वह्या वेगळ्या. त्याची किंमत म्हणजे हिशेबनिसाचे वर्षाला १२,००० जास्त. फायदा असा, की नियमित नोंदणीत खोकी, होस्टिंग आणि गेटवेच्या शुल्कावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा होतो. कंपोझिशनवाल्याला ते मिळत नाही. त्याने एजन्सीचं १,६०,००० चं कोटेशन १,८८,८०० असंच वाचायला हवं.

काय केलं

काम धरमपेठेच्या मुलीला दिलं, पण आधी यादी कापली. चौदा वस्तूंच्या सहा केल्या. ब्लॉग नाही, सदस्यत्व नाही, ओटीपीने लॉगिन नाही. ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार कंपन्यांकडे एसएमएस पाठवणाऱ्याने करायच्या डीएलटी नोंदणीपासून सगळं आलं असतं. पैसे मात्र एका जागी कापले नाहीत. फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराकडून ८,००० रुपयांत काढून घेतले. तिखटाचा लाल रंग मोबाइलच्या फोटोत एकतर भगवा येतो नाहीतर विटकरी, आणि ऑनलाइन घेणारा रंगावरच जातो.

मजकूर पुतण्याने लिहिला, काकूंनी त्यातली अर्धी विशेषणं काढली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कुणाकडे करायची आणि परतीचे नियम साइटवर लागतात. ही पानं नसतील तर गेटवेवालेही खातं सुरू करत नाहीत. पाकिटावरची माहिती, म्हणजे निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूच्या पानावरही टाकली.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते खोक्याने. जुनं पाकीट अर्ध्या किलोचं. खोक्यासकट वजन ५८० ग्रॅम, म्हणजे कुरिअरचा अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडून एक किलोचा दर. वर आकारमानाचा हिशेब: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं, येईल ते किलो, प्रत्यक्ष वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. जुनं खोकं २५ बाय १८ बाय १०, म्हणजे ०.९ किलो. आत माल कमी, हवा जास्त, आणि हवेचे पैसे काकू भरत होत्या. दोनशे ग्रॅमची पाकिटं केली, दोन पाकिटं २० बाय १५ बाय ७ च्या खोक्यात बसतात: आकारमानाने ०.४२, काट्यावर ४७० ग्रॅम. नवी लेबलं आणि खोकी मिळून १४,००० गेले. हा खर्च वेबसाइटचा नाही, असं काकाजींचं म्हणणं. माझ्या मते तो वेबसाइटचाच आहे, कारण पार्सलामागे वाचलेल्या पैशांवरच दुकान परवडतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला साइट सुरू झाली, सीझनच्या तोंडावर. मला ही घाई पटली नव्हती. काकूंचं उत्तर होतं की सीझननंतर कुणाला गरजच वाटणार नाही. त्यांचं बरोबर निघालं.

पहिलं वर्ष

साइट ४५,०००, फोटो ८,०००, तीन वर्षांचं होस्टिंग १०,५००, तीन वर्षांचं डोमेन २,७००, नऊ महिन्यांची देखभाल ९,०००: एकूण ७५,२००. त्यात खोकी-लेबलं १४,००० आणि हिशेबनिसाचे १२,००० मिळवले की १,०१,२००. शिवाय जाहिरातीवर ६,००० गेले, त्याबद्दल पुढे. गेटवेचं शुल्क यात धरलेलं नाही, ते ऑर्डरमागे जातं: साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६०० रुपयांवर १४ रुपये १६ पैसे. यूपीआयवर व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे, हे काकाजींनी बरोबर ऐकलं होतं. पण गेटवेवाले आपली सेवा म्हणून पैसे घेतातच.

वर्षभरात साइटवरून नऊशेच्या आसपास ऑर्डर आल्या, सरासरी ६४० रुपयांच्या. वरवर पावणेसहा लाखांची विक्री. मात्र त्यातल्या साडेपाचशे ऑर्डर जुन्याच गिऱ्हाइकांच्या, व्हॉट्सॲपवरून इकडे वळलेल्या. खरी नवी विक्री सव्वादोन लाखांची आणि माल, पॅकिंग, गेटवे वजा जाता त्यातून उरले छप्पन हजार. पहिल्या वर्षात खर्च निघाला नाही. हा आकडा मी मुद्दाम फोडून देतो आहे, कारण साइटची सगळी विक्री साइटमुळेच झाली असं धरून हिशेब मांडला की कुठलंही कोटेशन स्वस्त वाटतं.

फोन मात्र कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत. साठी ओलांडलेलं गिऱ्हाईक अजून फोनच करतं आणि काकू त्यांची ऑर्डर स्वतः साइटवर भरतात. जुन्या दराची भानगड संपली.

दोन गोष्टी फसल्या. सुरुवातीला माल पोचल्यावर पैसे देण्याची सोय ठेवली होती. पाचातलं एक पार्सल परत येऊ लागलं, जाण्या-येण्याचं भाडं अंगावर, आणि परत आलेलं पाकीट पुन्हा विकायला काकू तयार नाहीत. दोन महिन्यांत ती सोय बंद केली. दुसरं, एप्रिलमध्ये पेमेंटच्या प्लगिनचं, म्हणजे साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं आणि पैसे भरण्याचं पान अडकलं. दीड दिवस एकही ऑर्डर नाही. "आज कमी दिसून राहिले," एवढंच काकूंना वाटलं. एका पुणेकराने फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. मुलीने तासाभरात दुरुस्त केलं, आणि देखभालीचे महिन्याला हजार रुपये कशाला, हा काकाजींचा प्रश्न त्यानंतर आला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

जीएसटीचा प्रश्न कोटेशनच्या आधी यायला हवा होता. तो योगायोगाने आला. हिशेबनीस त्या दिवशी दुकानात नसते, तर साइट तयार होऊन गेटवेच्या दारात अडकली असती. कोणाच्या नावाने, कोणत्या राज्यांत, कोणत्या परवान्यावर हे तीन प्रश्न वेबसाइट बनवणाऱ्याचे नाहीत, पण त्यांचा खर्च वेबसाइटच्याच खात्यात येतो.

एजन्सी नाकारणं योग्य होतं का, यावर पुतण्याचं आणि माझं एकमत नाही. त्याचं म्हणणं, सहा महिन्यांच्या एसईओने नवी गिऱ्हाइकं जास्त आली असती. शक्य आहे. पण सव्वादोन लाखांच्या नव्या विक्रीऐवजी दुप्पट झाली असती, तरी अडीच लाखांचा खर्च तीन वर्षांत जेमतेम निघाला असता, आणि काकू एकट्या भाजतात. दुपटीचा मसाला भाजणार कोण, हे एजन्सीच्या कोटेशनमध्ये नव्हतं.

जाहिरातीचे सहा हजार घाईत गेले. एका नव्या ऑर्डरमागे दोनशेच्या वर खर्च आला आणि ऑर्डरमागे सुटतात एकशेसाठ. तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं तर हा तोटा भरून निघतो, म्हणून खरं तर सहा महिने थांबून, पुन्हा किती जण येतात हे पाहून मग जाहिरात करायला हवी होती. आता तो आकडा हाताशी आहे: नव्या गिऱ्हाइकांतले तिघांतले एक जण परत आले.

माल पोचल्यावर पैसे हा पर्याय पहिल्या दिवसापासून बंद ठेवला असता तर चाललं असतं. गिऱ्हाईक ओळखीचं आणि आधी पैसे द्यायची सवय असलेलं होतं. आणि पैसे भरण्याचं पान रोज सकाळी एकदा उघडून पाहायची सवय, जी एप्रिलनंतर लागली, ती शिकवण्याच्या पहिल्या बैठकीतच लावता आली असती.

दुसऱ्या वर्षासाठी वहीत देखभालीचे १२,०००, हिशेबनिसाचे १२,००० आणि सुधारणांचे १०,००० लिहिले आहेत. तिसऱ्या वर्षाअखेर होस्टिंग पूर्ण दराने भरायचं आहे, त्यासाठी महिन्याला तीनशे रुपये वेगळे निघतात. पुतण्याचं ॲपचं टुमणं चालूच आहे. काकूंनी त्याला तीन वर्षांचं कोटेशन घेऊन यायला सांगितलं आहे.